बैलाच्या सोंगातली दौड

वर्ध्याजवळच्या देवळीला यायला निघाले त्या दिवशी आमच्या खळ्यात सुपारी वाळत पडली होती, आणि बाबा ती गोळा करायचं निमित्त करून पाठमोरे बसले होते. आई आमसुलं, कुळथाचं पीठ आणि कोलंबीचे सोडे बांधत होती. गाडीत वास येईल म्हणून सोड्यांना तीन पिशव्या. मंगेश रिक्षाजवळ उभा राहून घड्याळ बघत होता. बाबांनी शेवटी मान वर केली आणि म्हणाले, "मुलगी धावत माहेरी येऊ शकेल एवढ्याच अंतरावर द्यायची, असं मी ठरवलं होतं." ते थट्टा करत नव्हते. दापोली तालुक्यात धावण्यात माझ्यापुढे त्या काळी कुणी नव्हतं, आणि बाबांना त्याचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. मी म्हटलं, "बाबा, वर्षभराचाच प्रश्न आहे." रिक्षा सुटली. वळणावर मी मागे पाहिलं तेव्हा ते परत सुपारी गोळा करत होते.

पोरींनो, हे मी आपल्या शाळेच्या ग्रुपवर लिहिते आहे, कारण तुम्ही रोज सकाळी तिथे धावल्याचे फोटो टाकता. एक पुण्याच्या टेकडीवर, एक दुबईत समुद्रालगत, आणि ज्या दोघी गावातच राहिल्या त्या आपल्या किनाऱ्यावरच्या त्याच पुळणीवर. खाली तुम्ही विचारता, "मानसी, तुझा फोटो कुठे?" मी अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी होते. आज एकदाच सविस्तर उत्तर देते, म्हणजे पुन्हा कुणी विचारणार नाही.

मंगेश आमच्याकडे शेतकी शिकायला आला होता, तेव्हा आमचं जमलं. कोकणातच नोकरी करीन, असं तो म्हणाला होता. लग्नानंतर सहा महिन्यांत सासरे गेले. देवळीच्या बाजारात त्यांचं बियाणं-खतांचं दुकान, थोडी शेती, आणि घरात सासूबाई एकट्या. वर्षभर दुकान सांभाळू, मार्गी लावू आणि परत येऊ, असं ठरलं. त्या वर्षाची आता सहा वर्षं झाली आहेत. दुकान मार्गी लागलेलं आहे आणि आम्हीही.

इथलं ऊन मी सोसलं. उन्हाळ्यात कूलरसमोर तोंड धरून बसायचं, दुपारी दारं-खिडक्या बंद, आणि पाणी प्यायलं तरी तोंड कोरडंच. भाताऐवजी पोळ्या, आमटीऐवजी वर तेल तरंगणारी भाजी, आणि माशांचं म्हणाल तर नावच काढू नका. भाषासुद्धा आली. पहिल्या वर्षी सासूबाई "का करून राह्यली?" म्हणाल्या की मला वाटायचं, माझं काही चुकलं. इकडे 'का' म्हणजे 'काय', हे नंतर कळलं. आता मीच दूधवाल्याला "काऊन उशीर झाला आज?" असं विचारते आणि मग एकटीच हसते. शेजारच्या बायका मला कोकणवाली वहिनी म्हणतात. माणसं वाईट नाहीत हो. वाईट असती तर भांडून निघून गेले असते, एवढं सोपं होतं ते.

अडलं ते धावण्यापाशी. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहाटे बूट घालून फाटकाशी गेले. आमच्या फाटकाची कडी काढली की अख्ख्या गल्लीला कळतं. सासूबाई मागून आल्या.

"कुठं चालली?"

"जरा धावून येते, आई."

"धावून? काऊन, मागं कुत्रं लागलं का?" मग माझा चेहरा पाहून आवाज उतरवला. "आपल्या घरच्या सुना रस्त्यानं धावत नाईत, मानसी. लोकं इचारतीन, घरात का झालं म्हनून."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी मला चहा करून दिला, वर एक टोस्टही. मी बूट काढले. पुढे मी गच्चीवर धावून पाहिलं, पण गच्ची किती असणार, दहा पावलं गेलं की वळा. त्यात कुरड्या वाळत घातलेल्या. शेजारच्या शोभाकाकूंनी तिसऱ्या दिवशी खालून विचारलं, "वहिनी, वर कोन धावून राह्यलं? आमच्या घरात धप धप येते." ते बंद झालं. मंगेशला सांगितलं तर तो म्हणायचा, "बोलतो आईसंग," आणि बोलायचा नाही. बोलला असता तरी काय झालं असतं म्हणा. बूट माळ्यावर गेले, दोन पावसाळ्यांत त्यांचे तळवे सुटले. वर्ध्याला काही आणायला जायचं तरी कोणीतरी बरोबर हवं. एकटीला बंदी नव्हती, पण "एकटी काऊन चालली?" हे एवढं प्रेमानं विचारायचे सगळे, की जाणंच नको व्हायचं. रात्री अंथरुणावर पडले की माझ्या पोटऱ्या आपोआप आखडायच्या. कुणी मारलं नाही, कोंडलं नाही, उपाशी ठेवलं नाही, तरी मी अडकले होते. हे कुणाला सांगायचं म्हटलं तर सांगण्यासारखं काही सापडायचं नाही, आणि त्याचाच मला संताप यायचा.

मग यंदाचा पोळा आला. तुम्हाला पोळा माहीत असेल, पण इकडचा तान्हा पोळा नसेल. पहिल्या दिवशी खरे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. तोरण तुटलं की ते गावात घरोघरी फिरतात. बायका दारात येऊन त्यांच्या पायांवर पाणी घालतात, कुंकू लावतात, पुरणपोळी भरवतात. दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा, तोच तान्हा पोळा. चाकाचे लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार जातात आणि खाऊ-पैसे मिळवतात, त्याला बोजारा म्हणतात. पोरांची सोंगंही असतात. यंदा मंडळाच्या मुलांनी ठरवलं की मोठ्यांचीही दौड ठेवायची, सोंग घेऊन. शाळेच्या मैदानापासून देवळापर्यंत, जेमतेम तीन किलोमीटर, आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानाचा एक माणूस पाहिजे.

मंगेशनं हौसेनं नाव दिलं आणि बैल व्हायचं ठरवलं. कागदाच्या लगद्याचं मोठं डोकं, शिंगांना बेगड, पांढऱ्या कापडाचं पोट, वर झूल, गळ्यात घुंगरांची माळ आणि दावं. आदल्या दिवशी गच्चीवर तो सराव करायला गेला आणि दोन फेऱ्यांत कुरड्यांच्या रिकाम्या खाटेवर बसला. घामानं निथळत होता. माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "तूच जा ना. आत कोन हाय ते कोनाले का समजते?"

त्या माणसावर माझा सहा वर्षांचा राग आहे, पण त्या वाक्यासाठी त्यातला निम्मा मी सोडून दिला.

ठरलं ते असं. घरी सांगायचं की मंगेश धावणार आणि मी दुकानात बसणार. दुकानामागच्या गोदामात मी सोंग चढवायचं, आणि दौड संपेपर्यंत त्यानं खतांच्या पोत्यांमागे लपून राहायचं. बूट नव्हते, आणि बैलाला बूट शोभलेही नसते, म्हणून अनवाणी. जोडवी काढायला मात्र वेळ लागला. लग्नानंतर ती कधी निघाली नव्हती. बोटांवर पांढरे वळ उमटले होते. मी ती ब्लाउजात खोचली आणि डोकं चढवलं.

आत काळोख, डिंकाचा वास आणि माझाच श्वास. बाहेरचं दिसायचं ते बैलाच्या नाकपुड्यांमधून, तेही फक्त समोरचा रस्ता आणि लोकांच्या कमरेपासून खालचा भाग. पोरींनो, मी आयुष्यात इतकी कोंडलेली कधी नव्हते, आणि मैदानावर शिट्टी वाजली तेव्हा इतकी मोकळीही नव्हते. पहिल्या शंभर पावलांत पाय धावणं विसरलेत की काय असं वाटलं. मग त्यांना आठवलं. रस्ता ओला होता, मऊ होता. घुंगरं वाजत होती. माझ्या पुढे एक भारतमाता होती, कपड्याच्या दुकानातला एक कापसाचं बोंड झाला होता, मोबाइलवाल्यानं पुठ्ठ्याचा टॉवर अंगावर चढवला होता. भारतमातेला मी मैदान संपायच्या आत मागे टाकलं. कुणीतरी ओरडलं, "मंगेशभाऊ, दम हाय बाप्पा तुमच्यात!" मी आत मोठ्यानं हसले. ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आणि मग ती गोष्ट झाली जी आमच्याच गावात होऊ शकते. मंडळानं रस्ता आखला, पाणी ठेवलं, शिट्टी आणली. पण बैलाचं सोंग घेतलेला माणूस पोळ्याच्या दिवसांत रस्त्यानं निघाला तर काय होईल, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. बाजार संपला आणि पहिल्याच दारात एक म्हातारी ताट घेऊन आडवी आली. हातात तांब्या. मी थांबले. थांबावंच लागतं, ओवाळायला आलेल्या बाईला डावलून बैल पुढे जात नाही. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं, कागदी कपाळाला कुंकू लावलं आणि पुरणपोळीचा तुकडा नाकपुडीत कोंबला. पुढच्या दारात दुसरी. त्यापुढे दोघी जावा. बोंड गेलं, टॉवर गेला, भारतमाता पदर सावरत मला ओलांडून गेली, आणि मी आपली पूजा करून घेत उभी. आम्ही तीन बैल होतो, तिघांचीही हीच गत. लोक हसून लोळत होते. मला रडू येत होतं. घाम डोळ्यांत, नाकपुडीत पुरण, आणि सहा वर्षांनी मिळालेले तीन किलोमीटर दारोदार संपत चाललेले. इथे बैल होऊनसुद्धा सुटका नाही, असं मी आतल्या आत ओरडले.

त्यात देवळाच्या रस्त्यावर नालीचं काम निघालेलं, म्हणून मंडळानं आयत्या वेळी दौड आमच्या गल्लीतून वळवली. वळणावर दोरी धरून उभ्या पोरांनी हात केला आणि मी वळले. तोवर उशीर झाला होता. समोर आमचं फाटक उघडं, आणि दारात सासूबाई ताट घेऊन उभ्या. आपला मुलगा येतो आहे म्हणून त्या नवं लुगडं नेसल्या होत्या.

आता ऐका. पोळ्याचा बैल इतर दारांतून पूजा घेऊन पुढे जातो, पण आपल्या मालकाच्या दारात आला की तिथेच त्याचं फिरणं संपलं. ओवाळून, नैवेद्य देऊन त्याला आत घेतात आणि गोठ्यात बांधतात. शोभाकाकू, अख्खी गल्ली, सगळे टाळ्या वाजवत होते. "आत घ्या, मंगेशच्या आई, आत घ्या! घरचा बैल आला, आता कुठं जाते तो!" थट्टाच ती. पण शोभाकाकूंनी पुढे होऊन माझ्या गळ्यातलं दावं धरलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं.

सासूबाई हसत वाकल्या. मला दिसत होते ते त्यांचे हात, नव्या लुगड्याचा काठ आणि तांब्या. पाणी पायांवर पडलं. त्यांनी हातानं माझे पाय चोळले, मुलाचे समजून, मायेनं. आणि हात थांबला.

गेल्या वर्षी पुऱ्या तळताना माझ्या उजव्या पायावर तेल सांडलं होतं. महिनाभर त्यांनी रोज कोरफड लावली होती, मला खाली वाकू दिलं नव्हतं. त्या डागावर त्यांचा अंगठा होता. तिथून तो हळूहळू खाली सरकला आणि बोटांवरच्या पांढऱ्या वळांवर येऊन थांबला. आता त्या काय करतील तेवढंच माझ्या डोक्यात होतं. डोकं उपटून काढतील, गल्लीसमोर. किंवा काही न बोलता दावं ओढतील, आणि मी गुपचूप आत जाईन. कारण मी गेले असते. दावं हिसकावून घ्यायची ताकद माझ्यात नव्हती, हे त्या क्षणी मला स्वच्छ कळलं.

त्या उठल्या. त्यांचा चेहरा नाकपुडीसमोर आला, अगदी जवळ. त्यांना माझे डोळे दिसले की नाही मला माहीत नाही. त्यांनी कुंकू लावलं, आणि वळून गल्लीला खणखणीत आवाजात सांगितलं, "हा आपला नोहे."

"आपला नोहे कसा?" शोभाकाकू म्हणाल्या. "मंगेशच त हाय."

"मले माह्या पोराचे पाय वयखू येत नाईत का? हा दुसऱ्या कोनाचा हाय. आपला मागून येऊन राह्यला." त्यांनी दावं माझ्या अंगावर टाकलं आणि पाठीवर थाप मारली. "चाल, हो पुढं."

आणि मी हलले नाही. हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. सहा वर्षं मी मनात हेच म्हणत आले होते, की मी इथली नाही, ह्यांची नाही. रोज भांडी घासताना, रोज ती कडी लावताना. तेच वाक्य त्यांच्या तोंडून आलं, आणि मला असं लागलं की पाय उचलेना. त्यांनी दुसरी थाप मारली, जरा जोरात. मग मी धावले. गल्ली संपली, पुढे कुणी आडवं आलं नाही, देवळापर्यंतचा सगळा रस्ता मोकळा होता. मी जीव खाऊन धावले आणि आत हमसून हमसून रडले.

टॉवर वाऱ्यात मोडला होता म्हणून मी शेवटची आले नाही, शेवटून दुसरी आले. देवळामागून गोदामात परतले. मंगेशनं घाईघाईनं सोंग चढवलं आणि बक्षीस घ्यायला गेला. उत्कृष्ट वेशभूषेचं बक्षीस बैलाला मिळालं. लोकांनी त्याची पाठ थोपटली, त्याच्या दमाचं कौतुक केलं, त्याचा फोटो काढला. तो फोटो तुम्हाला पाठवायचा म्हटलं तर पाठवीन, पण त्यात मी नाही.

जोडवी चढवून घरी आले तेव्हा सासूबाई चुलीपाशी पुरणपोळ्या करत होत्या. मी लाटायला बसले. त्यांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं.

"जोडवे काढून कोनता बैल फिरते वं?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता सुरू होईल. काही सुरू झालं नाही. शेवटी मीच विचारलं, "मग आपला नोहे काऊन म्हनलं, आई?" विचारल्यावर लक्षात आलं की मी त्यांच्याच भाषेत विचारलं होतं.

"आपला म्हनलं असतं त आत बांधा लागलं असतं."

त्यांनी पोळी उलटली. मी धीर केला. आता नाही तर कधीच नाही असं वाटलं. "मग सोडा ना, आई. रोज पहाटे तासभर. मी दूधवाला यायच्या आत येईन."

त्यांनी उलथनं खाली ठेवलं. माझ्याकडे वळल्या. रागावलेल्या नव्हत्या; सासरे गेले तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला होता. "तुले सोडलं," त्या म्हणाल्या, "त वापस येशीन का?"

मला तेव्हा कळलं की लोक काय म्हणतील हा त्यांचा प्रश्नच नव्हता. मी फाटकातून धावत सुटले की थांबायची ती थेट कोकणात, आणि मंगेश माझ्या मागे, असं त्या सहा वर्षं समजत होत्या. आणि त्या चुकीचं समजत नव्हत्या. पोळी तव्यावर करपली, ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

पोरींनो, त्यानंतर मी धावलेले नाही. त्यांनीही तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. पण सकाळी मी आंगण झाडायला गेले की त्या दारात येऊन उभ्या राहतात, आणि मला माहीत असतं की त्या उत्तराची वाट बघताहेत. मी नुसतं "हो" म्हणायचं आहे, कडी त्या स्वतः काढतील. खोटं बोलून मी कधीच सुटले असते. तेही होत नाही, कारण खोटं बोलायला मनात खरं उत्तर "नाही" असावं लागतं. ते आता तसं राहिलेलं नाही. हल्ली मला वाटतं की मी धावत जाईन, रस्ता संपेपर्यंत जाईन, आणि परत येईन. ह्याच दारात. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्याचीच.